गोदीतला दोर आणि सहाव्या मजल्यावरची खुर्ची

(म्हसवड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



गुरुजींच्या नावानं चालणाऱ्या या मालेत आजवर शेतीवर, पाण्यावर, संतांवर व्याख्यानं झाली. मी विषय सांगितला तो सिनेमाचा. संयोजकांनी विचारलं, ‘गुरुजींना चाललं असतं का?’ मी म्हणालो, सिनेमा कसा बघायचा हे मला गुरुजींनीच शिकवलं. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघाला की यात्रेत तंबू लागायचा. गुरुजी आम्हा पंधरावीस पोरांना पुढं घालून न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे पाठ करून एकच प्रश्न विचारायचे : ‘काल चुकलं कुणाचं?’ नायक कोण, गाणी किती, मारामारी कशी झाली, यातलं काही नाही. चुकलं कुणाचं, एवढंच. आम्ही खलनायकाचं नाव सांगितलं की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘त्याच्याही मागे बघा.’

तो प्रश्न घेऊन गेल्या आठवड्यात मी दोन चित्रपट पुन्हा पाहिले. सलग दोन रात्री, शाळेच्या हॉलमध्ये, भिंतीवर पांढरी चादर लावून, समोर कॉलेजातली तीसेक मुलंमुली. पहिल्या रात्री ‘दीवार’, दुसऱ्या रात्री ‘सिंहासन’. एक हिंदी, एक मराठी. एक जानेवारी १९७५चा, म्हणजे आणीबाणीच्या पाच महिने आधीचा. दुसरा १९७९चा, आणीबाणी उठून दोन वर्षं झाल्यानंतरचा. दोन्ही मुंबईचे आणि दोन्ही थरारपट. दोन्हींत तस्कर आहेत, कामगारांचा पुढारी आहे, पैसा आहे आणि खुर्चीची ओढ आहे. पण एका चित्रपटात मुंबई खालून दिसते, गोदीच्या फरसबंदीवरून. दुसऱ्यात ती वरून दिसते, मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून. तुम्ही म्हणाल, म्हसवडच्या माणसाला यात काय? मला वाटतं, या दोन मजल्यांमधल्या जिन्यावर आपण माणदेशी माणसं तीन पिढ्या उभी आहोत.

‘दीवार’ची कथा बहुतेकांना पाठ असेल. आनंदबाबू हा कामगारांचा पुढारी. मालक त्याच्या बायकापोरांना पळवून नेतो आणि त्यांच्या जिवाच्या बदल्यात कामगारांविरुद्धच्या कागदावर सही घेतो. मग लोक त्याच्या थोरल्या पोराच्या हातावर गोंदवतात की याचा बाप चोर आहे. आई दोन पोरांना घेऊन मुंबईला येते, पुलाखाली राहते, बांधकामावर विटा वाहते. थोरला विजय बूटपॉलिश करतो, मग गोदीत हमाल होतो, मग तस्कर. धाकटा रवी पोलीस अधिकारी होतो. सलीम-जावेद यांचं लेखन, यश चोप्रांचं दिग्दर्शन. लेखकांनी ‘मदर इंडिया’ आणि ‘गंगा जमना’ या दोन गावाकडच्या कथांचा धागा उचलून थेट शहरात नेला. मला यात मोठी गोष्ट दिसते. १९५७ साली आई आणि वाट चुकलेला मुलगा शेतात उभे होते. १९७५ साली ते फुटपाथवर आले. मधल्या अठरा वर्षांत गावातून काय निघून गेलं, हे सांगायला चित्रपटाला एकही संवाद लागत नाही.

आपल्याकडून काय निघून गेलं ते या हॉलमधल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. १९७२चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबंडिंग, सुकडी, मिलोच्या लाल भाकरी. माझी आई खडीवर होती. विजयची आई डोक्यावर विटा घेऊन परांचीवर चढते, तो प्रसंग त्या रात्री पोरांनी गप्प बसून पाहिला. मी मात्र आईचे हात आठवत होतो. हातोडीचा दांडा धरून तिच्या तळव्याला एक घट्टा पडला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. पुढं विजय श्रीमंत होतो आणि तीच इमारत विकत घेतो. विकणारा त्याला हसतो, की तू जास्त पैसे मोजलेस. तेव्हा विजय सांगतो की इथं त्याच्या आईनं विटा वाहिल्या आहेत. टाळ्या पडणारा प्रसंग आहे. माझ्याही अंगावर काटा आला. पण लगेच मनात आलं, आपण काय विकत घेणार? राजेवाडीच्या तलावाचं काम १८७६-७७च्या दुष्काळातल्या उपाशी माणसांच्या हातून झालं. रस्त्यांची खडी १९७२च्या बायांनी फोडली. हा तलाव, हे रस्ते विकत घेऊन आईच्या नावावर करता येत नाहीत. विजयचा तो सूड मोठा देखणा आहे, पण तो एकट्याचा आहे. त्या परांचीवर विजयच्या आईबरोबर आणखी बाया होत्या. त्यांच्या मुलांचं पुढं काय झालं?

आता माझ्या वडिलांबद्दल थोडं. ते मशीद बंदरला हमाल होते. आधी दाणाबंदर, मग लोखंड बाजार. राहायला गावकीच्या खोलीत, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. वर्षातून दोनदा गावी यायचे, यात्रेला आणि पेरणीला. ‘दीवार’ त्यांनी मुंबईतच पाहिला होता. यात्रेत मी कौतुकानं विचारलं, कसा होता? त्यांनी दोनच वाक्यं सांगितली : ‘त्यो दोर बगितलास का त्याच्या खांद्यावरचा? हमालाचा दोर असा नसतो.’

मी तेव्हा हिरमुसलो होतो. निळा सदरा, कमरेशी गाठ, खांद्यावर दोर. विजय झालेल्या अमिताभ बच्चनचं ते रूप आम्हा पोरांच्या वहीत, भिंतीवर, मनात होतं. परवा पडद्यावर पुन्हा तो दोर पाहिला आणि वडिलांचं म्हणणं कळलं. हमालाचा दोर ओझ्यावर असतो. ओझं उतरलं की तो गुंडाळून कनवटीला किंवा काखेत जातो. खांद्यावर मोकळा लोंबणारा दोर हे ज्याच्या पाठीवर काही नाही त्याचं लेणं आहे. चित्रपटाचं सगळं सत्य त्या दोरात आहे असं मला वाटतं. ‘दीवार’ विजयला गोदीत उभा करतो, पण त्याच्या पाठीवरचं ओझं चित्रपटाला फार वेळ बघवत नाही. तो विजयला लवकरात लवकर ओझ्यातून सोडवतो, आणि त्यानंतर ओझं वाहणारे चित्रपटातून जातात.

पण जाण्यापूर्वी एक विलक्षण प्रसंग येतो. गोदीत पगार होतो आणि बाहेर गुंड हप्ता घ्यायला उभे असतात. एक पोरगा हप्ता द्यायचं नाकारतो आणि मरतो. विजय पुढच्या वेळी नाकारतो. गुंड त्याला शोधत फिरतात, तेव्हा तो त्यांच्याच गोदामात पाय पसरून वाट बघत बसलेला असतो. दाराला आतून कुलूप लावतो, चावी गुंडांच्या म्होरक्याकडे, पीटरकडे फेकतो, आणि एकटा दहा जणांना लोळवून चावी परत घेऊन बाहेर येतो. हिंदी चित्रपटातला हा एक अजोड प्रसंग आहे. आधीची शांतता, कुलपाचा आवाज, बाहेर जमलेले हमाल. आमच्या हॉलमध्ये पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

गुरुजींचा प्रश्न इथंच विचारू. चुकलं कुणाचं? पीटरचं. त्याच्यामागं त्याचा मालक सामंत, त्याचं. त्याच्याही मागं? हप्ता घेता येतो, कारण हमालाला मालक नसतो. तो आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. व्यापारी म्हणतो, हा माझा माणूस नाही, मुकादमाचा. मुकादम म्हणतो, टोळीचा. मजुरी रोख, हातावर, रस्त्यात. ज्याला मजुरी रस्त्यात मिळते त्याला रस्त्यातच लुटता येतं. विजय दहा जणांना मारतो तरी मजुरी देण्याची ही रीत तशीच राहते. पुढच्या पगाराला दुसरा पीटर येईल.

या प्रश्नाला आणखी एक उत्तर तेव्हा मुंबईत तयार होतं, आणि ते द्यायला आपल्याच जिल्ह्यातला माणूस पुढं होता. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील स्वतः हमालांमधून आले. त्यांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली, ‘दीवार’च्या सहा वर्षं आधी, महाराष्ट्र विधिमंडळानं माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याची युक्ती साधी आणि खोल आहे. व्यापाऱ्यानं हमालाच्या हातात पैसे द्यायचेच नाहीत. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डाकडे भरायची. बोर्ड नोंदणी झालेल्या कामगाराला पगार देणार, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना. ज्याला मालकच नव्हता त्याच्यासाठी कायद्यानं एक मालक उभा केला. रस्त्यावरची मजुरी खिडकीत आली. माझ्या वडिलांकडे बोर्डाचं ओळखपत्र होतं. विजयचा ७८६ नंबरचा बिल्ला त्याला गोळीपासून वाचवतो. त्या ओळखपत्रानं वडिलांना कुठल्या गोळीपासून वाचवलं नाही. माझ्या बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन आणि माझं बी.एड. त्या कागदातून झालं.

हे सगळं लगेच आणि गोडीगुलाबीनं झालं असं मी म्हणत नाही. एकेका बाजाराचं बोर्ड व्हायला झगडावं लागलं, आणि आजही माथाडींच्या नावावर धाक दाखवणारे लोक आहेत. पण कायदा झाला, आणि तो जगात फार ठिकाणी नाही.

थोडं सोन्याबद्दल बोललं पाहिजे, कारण दोन्ही चित्रपटांत तस्करी आहे आणि या सभेत गलाईवाल्यांच्या घरची मंडळी आहेत. आटपाडी, विटा, खानापूर, आपला माण. इथली माणसं सोनंचांदी आटवायला देशभर गेली. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, दागिना चौदा कॅरटच्या वर नको असं ठरलं, आणि कितीतरी सोनारांची भट्टी विझली. १९६८ साली त्याचा कायदा झाला, तो १९९० पर्यंत राहिला. सोन्याची हौस कायद्यानं गेली नाही. सोनं दुबईहून गलबतानं येऊ लागलं. तस्कर हाजी मस्तानची दंतकथा, जिची सावली विजयवर पडली आहे, ती त्या बंदीतून जन्मली. १९७४च्या डिसेंबरात तस्करांना स्थानबद्ध करण्यासाठी कॉफेपोसा कायदा आला आणि पुढच्याच महिन्यात ‘दीवार’ पडद्यावर. म्हणजे बघणाऱ्याच्या हातात सकाळचं वर्तमानपत्र आणि समोर विजय होता.

गलाईवाल्याला विचारा, दहा तोळ्यांचं बिस्कीट म्हणजे सुमारे ११६ ग्रॅम. हजार बिस्किटांची पेटी सव्वा क्विंटलला थोडी कमी. ती गलबतातून किनाऱ्यावर कोण उतरवतं? चित्रपटात सोनं पाण्यातून आपोआप पेटीत येतं. तिथंही एक पाठ वाकलेली असणार.

आता दुसरी रात्र. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा केली. साधू पत्रकार होते, मंत्रालयाचे जिने त्यांनी चढले होते, आणि ते चित्रपटाच्या अंगोपांगात उतरलं आहे. सुरुवातीलाच मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो, की तुमचाच माणूस तुम्हाला खाली खेचतो आहे. इथं पिस्तूल नाही. फोनचा रिसीव्हर आहे, आणि अरुण सरनाईकांचा चेहरा. सरनाईकांचा तो मुख्यमंत्री जिवाजीराव मी दहा वेळा पाहिला असेल. घाबरतो, पण घाबरलेला दिसत नाही. आजारपणसुद्धा तो डावासारखं वापरतो. त्याच्या विरोधात अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, आपल्या साताऱ्यात जन्मलेले. आणि या सगळ्यांच्या मधून फिरणारा वार्ताहर दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले.

याच मंडळींनी चारपाच वर्षं आधी ‘सामना’ हा चित्रपट केला होता. त्यात निळूभाऊ साखरसम्राट होते आणि लागू सत्य शोधणारे मास्तर. ‘सिंहासन’मध्ये उलट झालं. निळूभाऊ साक्षीदार झाले आणि लागू डावपेच करणारे. दोन नटांनी जागा बदलल्या, आणि त्यातून पटेल-तेंडुलकरांनी सांगितलं की माणूस वाईट असतो असं नाही, तो कुठल्या खुर्चीत बसतो त्यावर ठरतं. माझ्या मते ‘सिंहासन’चं सगळ्यात मोठं यश हे आहे. ‘दीवार’मध्ये वाईट माणसाला नाव आणि चेहरा आहे, म्हणून त्याला मारता येतं. ‘सिंहासन’मध्ये चेहरे पुष्कळ आणि नावंही पुष्कळ, पण मारून मोकळं व्हावं असा एकही नाही. थरार वाढतो तो यामुळं. पहिल्या रात्री शिट्ट्या मारणारी पोरं दुसऱ्या रात्री खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती.

या चित्रपटातही कामगारांचा पुढारी आहे, सतीश दुभाषींनी केलेला डिकास्टा. नाव ऐकलं की जुन्या मुंबईकराला गोदी कामगारांचे पी. डिमेलो आठवतात, ज्यांच्या नावाचा रस्ता आजही बंदराच्या कडेनं जातो. डिकास्टाचा संप आणि सहाव्या मजल्यावरचे डाव एकमेकांत अडकत जातात. आनंदबाबूनं एका सहीपायी कामगारांना दगा दिला, तीही बायकापोरांसाठी. डिकास्टाच्या जगात सही एवढी सोपी राहिलेली नाही. तिथं प्रत्येक सहीखाली दुसरी सही असते. दुभाषींनी ही भूमिका केल्यावर थोड्याच काळात जग सोडलं. मराठी रंगभूमीचं फार मोठं नुकसान होतं ते.

आता माझं भांडण सांगतो. मोठ्या कलाकृतीशीच भांडावं, लहानाशी कशाला? ‘सिंहासन’च्या शेवटी दिगू टिपणीसचं डोकं हे सगळं पाहून ताळ्यावर राहत नाही. तो रस्त्यावरच्या भिकाऱ्याबरोबर वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांनी ते हसू असं काही केलं आहे की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. मला ते हसू कधीच विसरता येणार नाही. पण मी त्या हसण्यात सामील होऊ शकत नाही.

कारण सांगतो. ज्या विधिमंडळात हे डाव चालतात असं चित्रपट दाखवतो, त्याच विधिमंडळानं १९६९ साली माथाडींचा कायदा केला. त्याच विधिमंडळानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ला अमलात आला, म्हणजे ‘सिंहासन’ आला त्याच वर्षी. ही कल्पना ज्यांनी आयुष्यभर लावून धरली ते वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, तासगावकडचे. या योजनेला पैसा कुठून आला? १९७५ साली, ‘दीवार’ आला त्याच वर्षी, महाराष्ट्रात व्यवसाय कर आला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडे रुपये कापायचे आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम द्यायचं. दुष्काळात माझी आई खडी फोडत होती ती सरकारच्या मर्जीवर. पुढच्या दुष्काळांत काम मागणं हा बाईचा हक्क झाला, आणि त्या हक्काची मजुरी कुलाब्यातल्या आणि दादरमधल्या कारकुनांनी भरली. त्या कारकुनांतले किती जण हे जाणत होते, कोण जाणे. या व्यवस्थेवर कुणी थरारपट काढला नाही. यात फोन वाजत नाही, दार बंद होत नाही, कुणी वेडं होत नाही.

ते कायदे करणारी माणसं संत होती असं मी म्हणत नाही. त्यांतल्या कितीतरी जणांनी संध्याकाळी दाभाडेंसारखेच डाव टाकले असतील. साधू आणि तेंडुलकर खोटं बोलले नाहीत. त्यांनी सहाव्या मजल्यावरचं सगळं दाखवलं, फक्त तिथल्या फायलीत काय लिहिलं होतं ते दाखवलं नाही. दिगू टिपणीससारखा हुशार वार्ताहर कोण पडणार, कोण चढणार याची बातमी रात्रभर जागून आणतो. ज्या दिवशी हमालाची मजुरी रस्त्यातून खिडकीत आली, त्या दिवसाची बातमी त्याच्या पेपरात कुठल्या पानावर होती? हे मी दिगूला विचारलं असतं, आणि आदरानंच विचारलं असतं.

दोन्हींपैकी कोणता चित्रपट थोर, असं मला एका मुलानं विचारलं. मी त्याला सांगितलं, चित्रपट म्हणून ‘सिंहासन’ मला जवळचा. त्यातला प्रत्येक नट आपल्या मातीतला आहे आणि एकही क्षण उगाच नाही. पण ‘दीवार’मध्ये आईसमोरचा विजय, आणि भुकेपायी भाकरी चोरणाऱ्या पोरावर गोळी झाडून मग त्याच्याच घरी अन्न घेऊन जाणारा रवी, हे दोन प्रसंग ज्यांनी उपास काढला आहे त्यांना वेगळेच दिसतात. त्या पोराचा बाप शाळामास्तर आहे. मीही मास्तर होतो. तो प्रसंग मला पूर्ण पाहवत नाही. दर वेळी मान खाली जाते.

आज गोदीत पाठीवर ओझं वाहणारी माणसं फारशी राहिली नाहीत. न्हावाशेवा आलं, कंटेनर आले, दाणाबंदरचा घाऊक बाजार वाशीला गेला, आणि माणदेशची माणसं कोपरखैरणे, घणसोलीच्या माथाडी वसाहतींत गेली. त्यांची नातवंडं आता संगणकावर काम करतात. त्यांतलीच एक नात सध्या आजोळी आली आहे, ती दोन्ही रात्री पहिल्या रांगेत होती. ‘सिंहासन’ संपल्यावर सगळे उठले, ती बसून राहिली. मला म्हणाली, ‘सर, माझे आजोबा यातल्या कुठल्या सिनेमात आहेत?’

मी आदल्या रात्रीचा ‘दीवार’ पुन्हा लावला, गोदीतल्या पगाराच्या प्रसंगावर नेला आणि चित्र थांबवलं. अमिताभच्या मागे रांग होती. ती पडद्याजवळ जाऊन उभी राहिली आणि रांगेतल्या एकेका माणसाकडे बघत राहिली. वॉचमन दिवे बंद करायला आला होता, त्याला मी हातानंच थांब म्हणून सांगितलं.